मडक्यातला धूर

आमच्या मीरा रोडच्या इमारतीतली मुलं सुटीत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात. एकाने मला विचारलं, “चाचा, मरीद म्हणजे पाण्याचा जिन ना?”

त्या खेळात जिनांची चार घराणी आहेत. वाऱ्याचा जिन वावटळ होतो, इफ्रीत आगीचा, दाओ मातीचा आणि मरीद पाण्याचा. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या या खेळाने ‘जिन’, ‘इफ्रीत’, ‘मरीद’ ही नावं अरबीतून उचलली. वाटणी मात्र खेळवाल्यांची. अरबीत ‘मारिद’ म्हणजे बंडखोर. पाण्याशी त्याचा संबंध नाही. कुराणाच्या ५५व्या सूरेत माणूस खापरासारख्या मातीचा आणि जिन धूर नसलेल्या ज्वाळेचा, असं सांगितलं आहे. म्हणजे सगळेच जिन आगीचे! चार तत्त्वांचे चार वेगळे जीव ही कल्पना युरोपात सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससने मांडली होती. आपली पंचमहाभूतं तर एकाच देहात नांदतात.

रूप पालटण्याची खरी गंमत ‘अरबी सुरस गोष्टीं’त आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्या मराठीत आणल्या. त्यातली कोळ्याची गोष्ट आमच्या उत्तनच्या किनाऱ्यावरही शोभेल. तीनदा जाळं टाकलं तर मेलेलं गाढव, चिखलाने भरलेलं मडकं आणि फुटकी खापरं. चौथ्यांदा सुलेमानची मोहोर असलेला धातूचा बुधला. बूच काढताच धूर आभाळाला भिडला, मग गोळा होऊन त्याचा अक्राळविक्राळ इफ्रीत झाला आणि कोळ्यालाच मारायला उठला. कोळी म्हणाला, एवढासा बुधला, त्यात तू मावलासच कसा? दाखवायला म्हणून तो पुन्हा धूर होऊन आत शिरला. कोळ्याने बूच लावलं. ना मंत्र, ना ताईत; नुसती शंका!

‘जिन’ शब्दाच्या मुळाशी ‘झाकणं, लपणं’ हा अर्थ आहे. त्याच धातूपासून ‘जुनून’ आणि ‘मजनून’. प्रेमात वेडा झालेला मजनू म्हणजे शब्दशः जिनाने झपाटलेला. कवितेत हे शोभतं. पण घरात कुणाला फिट आली, एखादी सून गप्प बसू लागली की ‘जिन लागला’ म्हणून तिला बाबाकडे नेतात, तिथे छडीने मारतात, मिरचीची धुरी देतात. हे आमच्यात होतं, तुमच्यातही. नाव फक्त बदलतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ही तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात करता येते, आणि बाबा कोणत्या धर्माचा, हे कायदा विचारत नाही.