मूळचे कुठले?

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच: "मूळचे कुठले तुम्ही?" "डोंबिवलीचे" म्हणून भागत नाही. "ते झालं हो, पण मूळचे?" मग राजापूर, देवरुख, नाही तर गिरगावातली एखादी चाळ निघते. इथली जुनी आगरी घरं सोडली, तर डोंबिवलीलाच मूळ म्हणणारा विरळा.

इंग्रजी शिकवताना या प्रश्नासाठी मी 'हेल फ्रॉम' हे क्रियापद देते आणि घोळ सुरू होतो. 'शी हेल्स फ्रॉम सातारा'चा अर्थ एका मुलाने 'साताऱ्याहून गारा पडतात' असा लावला होता. पोराचा तसा दोष नाही. दोन्ही 'हेल' ऐकायला एक, कुळं मात्र वेगळी. गारांचा शब्द जुन्या इंग्रजीतला. आपला 'हेल' उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ धडधाकट, सुखरूप. 'हेल्थ' आणि 'होल' हे त्याचे भाऊबंद. खुशालीच्या शब्दाचा झाला नमस्कार, नमस्काराची झाली हाक. रिक्षाला हात करणं हेही 'हेल'च.

ही हाक समुद्रावर फार चालली. समोरून जहाज दिसलं की खलाशी कर्ण्यातून ओरडून विचारत, कुठलं जहाज? उत्तरात बंदराचं नाव येई. तेच जहाजाचं 'हेल फ्रॉम'. एकोणिसाव्या शतकात ते माणसांनाही लागलं. जहाज बांधलं कुठे, हे त्या उत्तरात नसतं. नोंद असलेलं बंदर असतं, आणि तेच नाव जहाजाच्या पाठीवर रंगवतात. आपण विचारतो मूळ, म्हणजे मातीखालचं. इंग्रजी विचारते बंदर.

म्हणून कोशात या क्रियापदाला जन्मगावही चालतं आणि राहतं गावही. लता मंगेशकरांचं बघा. जन्म 1929 चा, इंदूरचा. आडनाव गोव्यातल्या मंगेशीवरून वडील दीनानाथांनी घेतलेलं. आयुष्य गेलं मुंबईत. 'हेल्स फ्रॉम'पुढे काय लिहाल? मराठी माणूस क्षणात मंगेशी म्हणेल, कारण आडनावातला 'कर' हाच आपला कर्णा.

आणि हो, 'आय अ‍ॅम हेलिंग फ्रॉम' म्हणू नये. मुलाखतीला जाणारी निम्मी मुलं तेच म्हणतात. गाव रोज बदलत नाही, म्हणून साधा वर्तमानकाळ. वस्तूंना आणि कल्पनांना 'ओरिजिनेट' वापरावं. त्याच्या लॅटिन मुळाशी सूर्याचं उगवणं आहे, 'ओरिएंट'मध्ये आहे तेच. शब्दांना 'डिराइव्ह', त्यात ओढा वाहतो. आपला 'उगम'ही नदीचाच.

गाव सांगायची खोड मात्र इथली जुनी. शेजारचं कल्याण पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात बंदर म्हणून येतं, आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांनी आपण कल्याणचे, हे दगडावर कोरून ठेवलं आहे. ते खरे 'हेल फ्रॉम'वाले: बंदरातून आलेले.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीच्या लग्नाच्या इंग्रजी बायोडेटात 'हेल्स फ्रॉम'पुढे वडिलांनी देवरुख लिहिलं. ती तिथे दोनदाच गेलेली, दोन्ही वेळा गणपतीला. तिने खोडून डोंबिवली केलं. वडील वाद घालत बसले नाहीत. खाली मराठीत एक ओळ वाढवली, 'मूळ गाव: देवरुख'.