एका गावाची चार नावे आणि एक चाचणी

वाशिम हे नाव कसे लिहावे, या प्रश्नाला कागदपत्रे एकच उत्तर देत नाहीत. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तिच्या संदर्भात ‘वत्सगुल्म’ येते. इंग्रजी अमदानीच्या दप्तरात ‘बासीम’ भेटते. आज कुणी ‘वाशिम’ लिहितो, कुणी ‘वाशीम’. त्यात बासीम जिल्हा १९०५ साली अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला.

अशा जुन्या नोंदींची शोधसूची संगणकावर तयार करताना मी एक अट धरली: चारांपैकी कोणतेही नाव टाकले, तरी तीच नोंद समोर यावी. नाहीतर एका वेलांटीच्या फरकाने एखाद्याच्या पणजोबांच्या शेताचा कागद असूनही नसल्यासारखा होतो.

ही अट पाळली जाते का, हे पाहणारा छोटा प्रोग्राम म्हणजे चाचणी. सूचीत बदल केला की ती चालवायची. मात्र पानाची फाइल ब्राउझरमध्ये नुसती उघडून भागत नाही. सुरक्षेसाठी ब्राउझर अशा पानाला शेजारची नोंदींची फाइल वाचू देत नाही. ती वेब सर्व्हरकडूनच मागावी लागते. हा सर्व्हर आपल्याच संगणकावर चालू शकतो. त्या पत्त्याला ‘लोकलहोस्ट’ म्हणतात आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

अडचण असते ती माणसाच्या आठवणीची. सर्व्हर सुरू करा, चाचणी चालवा, सर्व्हर बंद करा, ही तीन कामे रोज हाताने करायची म्हटली की घाईच्या दिवशी चाचणीच टळते. हा अनुभव जुना आहे. बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांनी दुरुस्त केलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात एक सकाळ घालवली. दुरुस्ती बरोबर होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल झालेलीच नव्हती. त्यातून स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन घडवले. कोणते काम कशावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवायचे, बाकी यंत्राने पाहायचे.

जावास्क्रिप्टच्या जगात हाच विचार बेन आल्मन यांच्या ‘ग्रंट’ने २०१२ साली आणला. ‘ग्रंटफाइल’ नावाच्या फाइलमध्ये कामांची यादी असते. तिच्यात ‘चाचणी’ या नावाखाली मी दोन कामे ओळीने लिहिली: आधी ‘कनेक्ट’, म्हणजे सर्व्हर सुरू करणे, आणि मग प्रत्यक्ष तपासणी. आता एक आज्ञा पुरते.

या क्रमात तीन गोष्टी कळीच्या आहेत. पहिली, वाट पाहणे. सर्व्हर ऐकू लागल्याची खूण मिळाल्यावरच ग्रंट पुढच्या कामाला हात घालतो. नाहीतर दार उघडण्यापूर्वीच गिऱ्हाईक परतावे तशी चाचणी विनाकारण नापास होईल. दुसरी, जागा. सर्व्हर एका क्रमांकाच्या पोर्टवर बसतो. कनेक्टचा नेहमीचा क्रमांक ८०००. तिथे आधीच दुसरा प्रोग्राम बसला असेल, तर काम तिथेच थांबते. भलतेच पान तपासून ‘सर्व ठीक’ म्हणण्यापेक्षा हे बरे.

तिसरी, आवरणे. यादीतली कामे संपली की ग्रंट संपतो आणि त्याच्यासोबत सर्व्हरही. पान डोळ्यांनी पाहायचे असेल, तर ‘कीपअलाइव्ह’ हा पर्याय सर्व्हर चालू ठेवतो. पण चाचणीच्या यादीत तो घालू नये; सर्व्हर चालूच राहतो आणि त्याच्यापुढच्या कामाची पाळी येतच नाही.

ग्रंटनंतर ‘गल्प’ आले, पुढे ‘प्लेराइट’सारख्या चाचणी-साधनांनी सर्व्हर सुरू करण्याची सोय स्वतःतच घेतली. सुरू करणे, तयार होण्याची वाट पाहणे, आवरणे हा क्रम मात्र तोच राहिला.

यंत्र हा क्रम विसरत नाही. पण एखाद्या दप्तरात वाशिमचे पाचवे रूप सापडले, तर ते त्याला आपोआप कळणार नाही. ते चाचणीत लिहिण्याचे काम जुने कागद वाचणाऱ्याचेच आहे.