फोर्टातली गोल बाग

सभासद बंधूंनो, साखर भवनात किंवा शिखर बँकेत काम निघाले की आपल्यापैकी कोणी ना कोणी मुंबईस जातोच. काम आटोपून गाडीला अवकाश असला तर पाय वळतात राणीच्या बागेकडे, नाही तर चौपाटीकडे. आमचेही तसेच चालले होते. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाची सहल झाली, तेव्हा समुद्र पाहावा म्हणून आम्ही जवळच्या बुरोंडीस गेलो. तिथे चहाच्या टपरीवर एका वयस्क गृहस्थांची गाठ पडली. उभी हयात फोर्टातल्या कचेरीत शिपाई म्हणून काढलेली. ते म्हणाले, "राणीची बाग पोराबाळांची हो. तुमी हॉर्निमन सर्कलात बसलायत काय कधी? माझा दुपारचा डबा तिथंच व्हायचा." पुढच्या खेपेस आम्ही चौघे मुद्दाम तिथे गेलो.

चर्चगेटपासून वीर नरिमन रस्त्याने सरळ पूर्वेकडे चालत राहायचे, हुतात्मा चौक ओलांडायचा, की समोर बाग. लोखंडी कुंपण, जुनी मोठी झाडे, भोवती अर्धगोलात उभ्या दगडी इमारती, आणि पूर्वेला टाउन हॉलच्या उंच पायऱ्या. हा टाउन हॉल १८३३ सालचा. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय त्यातच आहे. बाग म्हणाल तर सुमारे अडीच एकरांची. आमच्यातले एक जण म्हणालेच, "एवढ्या रानात लागण साधली तर शंभर टन ऊस निघंल की!"

पण या रानाची कूळकथा आपण शेतकऱ्यांनी ऐकावी अशी आहे. पूर्वी हे किल्ल्यातले मोकळे मैदान होते, त्याला 'बॉम्बे ग्रीन' म्हणत. परदेशी जाणाऱ्या कापसाच्या गाठींची थप्पी इथेच लागे. १८४४ साली ती उलाढाल कुलाब्याला गेली आणि मैदानात कचरा साचू लागला. पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांनी तिथे गोल बागेची योजना मांडली, आणि १८७२ साली ती पुरी झाली. नाव पडले एल्फिन्स्टन सर्कल.

याच सुमारास टाउन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल मंडळी जमून शेअरचे सौदे करीत. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाला वाट फुटेना. समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे कागद वाटेल त्या भावाला खपले. १८६५ साली लढाई संपली, भाव कोसळला, आणि मोठमोठ्या पेढ्या बसल्या. दलाल मात्र सावरले. १८७५ साली त्यांनी आपली संघटना बांधली. तोच आजचा शेअर बाजार.

आणि त्याच १८७५ साली आपल्या मुलखात काय झाले? तेजीच्या वर्षांत सावकारांनी सैल हाताने कर्जे दिली होती. मंदी येताच हात आखडला, त्यात सरकारने सारा वाढवला. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या नि कर्जरोखे जाळले. ते लोण पुण्या-नगरच्या गावांत पसरले, तेव्हा कुठे १८७९ साली कर्जनिवारणाचा कायदा आला. कापसाच्या तेजीने मुंबईत दगडी कमानी उभ्या राहिल्या, शेतकऱ्याच्या पदरी वह्यांची राख.

म्हणून त्या बाकावर बसून आम्ही आपल्या शेअरवर बराच वेळ बोललो. आपल्यातही कुरकूर करणारे आहेतच, की शेअर घेतला पण त्याचा भाव काही वाढत नाही. खरे आहे. सहकारी शेअर वडाखाली विकता येत नाही. पण एक शेअर असो की पन्नास, सभेत प्रत्येकाला मत एकच. त्याच नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा केला तो याच पायावर. आता वार्षिक सभेला सही करून जेवणाच्या पंगतीकडेच वळायचे असेल, तर त्या मताचा उपयोग काय, हे आमच्यातल्या एकाने विचारले. उत्तर कोणी दिले नाही.

हॉर्निमन कोण, हेही सांगतो. ते 'बॉम्बे क्रॉनिकल' पत्राचे इंग्रज संपादक. १९१९ साली पंजाबातल्या दडपशाहीवर त्यांनी रोखठोक लिहिले, म्हणून इंग्रज सरकारने आपल्याच माणसाला हिंदुस्थानाबाहेर काढले. स्वातंत्र्यानंतर लाटसाहेबांचे नाव जाऊन बागेला त्यांचे नाव लागले.

जाणार असाल तर कामाच्या दिवशी दुपारी जा. कचेऱ्यांतली माणसे जेवून झाडाखाली टेकलेली असतात. आम्हाला बाक मिळायला थोडे थांबावे लागले.