‘इकॉनॉमिक्स घेतलंय, वाचू काय?’

बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन येतोच. समजा, किनवट तालुक्यातल्या इस्लापूरची तुमची मावसबहीण आहे. ‘दादा, बीएला इकॉनॉमिक्स घेतलंय. वाचू काय?’ आणि तुम्ही पुण्यात एसीत बसून तिला सॅम्युअल्सन सुचवता. थांबा बॉस! 1948 पासून जगाला शिकवणारं पुस्तक, मान्य. पण महिनाभरात तो ठोकळा उशाखाली जाणार आणि परीक्षेला हातात गाइड येणार.

त्यापेक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 1918 मधला लेख द्या, ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’. तेव्हा त्यांचं वय 27, म्हणजे तुमच्याच आसपास! शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यात भांडवल आणि मजुरी किती घालता येते त्यावर ठरतं, असं ते मांडतात. शेतीवर जास्तीची माणसं आहेत, त्यांना उद्योगांत काम द्या, हा त्यांचा उपाय. भावाभावांत वाटून तुकडे झालेलं कापसाचं रान जिने पाहिलंय, तिला हे समजायला वेगळी ट्यूशन नको. इंग्रजी मात्र जुन्या वळणाचं, डिक्शनरी जवळ हवी.

मराठीत हवं तर अच्युत गोडबोलेंचं ‘अर्थात’. आकृत्यांसाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं, नेटवर फुकट. बॅनर्जी-डुफ्लोंचं ‘पुअर इकॉनॉमिक्स’ (2011) दुसऱ्या सेमिस्टरला. अभिजित बॅनर्जींची आई माहेरची पाटणकर, बरं का!

आणि सॅम्युअल्सन? कॉलेजच्या लायब्ररीत शोधू द्या, विकत घेऊन पाठवायची घाई नको.