गोळी, पाणथरी आणि संशय

१९१२ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी अपस्माराच्या रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून फेनोबार्बिटल दिलं. झोप लागलीच, पण त्यांचे झटकेही कमी झाले. शंभर वर्षांनंतरही हे स्वस्त औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

ही गोळी घेणाऱ्या एखाद्या रुग्णाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, मार न लागता फुटली, तर दोष गोळीचा का? घाई नको. मलेरियात किंवा रक्ताच्या कर्करोगात पाणथरी सुजते, तिचं आवरण ताणलं जातं आणि क्वचित ती आपोआप फुटते. शिवाय झटका येऊन पडलेल्या माणसाला मार लागल्याचं अनेकदा आठवतच नाही! खरी मेख मला इथेच दिसते. फेनोबार्बिटलमुळे यकृतातली विकरं वाढतात हे सिद्ध आहे. त्यावरून अवयव फुटण्यापर्यंत उडी मारता येत नाही. अशा घटनेची एक नोंद म्हणजे नुसता संशय. तशाच नोंदी वेगवेगळ्या ठिकाणांहून येत राहिल्या, तर तपास पुढे सरकतो. भारतात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम अशा नोंदी गोळा करतो. रुग्णही त्या कळवू शकतात.

मात्र अशी एखादी नोंद वाचून गोळी मनानेच बंद करू नका. फेनोबार्बिटल अचानक थांबवलं तर झटक्यांमागून झटके येऊन जीवही जाऊ शकतो. आणि डाव्या बरगडीखाली एकाएकी जोरात दुखलं, डाव्या खांद्यात कळ गेली, घेरी आली, तर तडक रुग्णालय गाठा.