पिसाच्या नखीचं वाद्य

२१ फेब्रुवारी १९४२. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये बासष्ट वर्षांच्या वांदा लांडोव्स्का हार्प्सिकॉर्डपुढे एकट्या बसल्या आणि त्यांनी जर्मन संगीतकार बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ सबंध वाजवली. अमेरिकेत येऊन त्यांना तीन महिनेही झाले नव्हते. त्या न्यूयॉर्कला उतरल्या तो दिवस ७ डिसेंबर १९४१, म्हणजे पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तोच. वॉर्सात जन्मलेल्या या ज्यू कलावतीचं घर आणि संगीतशाळा पॅरिसजवळ होती. तिथली वाद्यं आणि ग्रंथसंग्रह नाझींनी १९४० मध्येच पेट्या भरभरून नेला होता. त्याच वर्षी त्यांनी पॅरिसमध्ये संगीतकार स्कार्लात्तीच्या सोनाटा या वाद्यरचना ध्वनिमुद्रित केल्या. एका सोनाटात विमानविरोधी तोफांचे आवाज आजही ऐकू येतात. त्यांचे हात थांबलेले नाहीत.

आपल्या पेटीत हवा बोलते, पियानोत हातोडी तारेवर पडते. हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, सतारीसारखी. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकावर लाकडाची एक बारीक कांब उभी असते. तिच्यात पक्ष्याच्या पिसाच्या दांडीची, नाहीतर चामड्याची, इवलीशी नखी बसवलेली. पट्टी दाबली की कांब वर जाते, नखी तार छेडते. बोट उचललं की कांब खाली येते, नखी मागे कलून तारेला पुन्हा न छेडता निसटते आणि कांबेवरचा लोकरीचा तुकडा नाद मिटवतो. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. मग भाव आणायचा कुठून? वेळेतून. एखादा स्वर किंचित उशिरा आणायचा, एखादा धरून ठेवायचा, एखादा झटकन तोडायचा. मींड नाही, म्हणून मुरकीसारख्या बारीक अलंकारांना इथे विलक्षण मोल.

१७४१ च्या सुमारास न्यूरेंबर्गला छापलेल्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’मध्ये आधी एक ‘आरिया’, मग तीस रूपं, शेवटी पुन्हा तीच आरिया. बदलत राहते ती वरची रचना. खालच्या खर्जाची चाल तीच. तबल्याच्या एकलवादनात लेहरा फिरत राहतो, तसंच काहीसं. काही रूपं बाखने पट्ट्यांच्या दोन ओळी असलेल्या वाद्यासाठीच लिहिली. तिथे हात एकमेकांना ओलांडतात. पट्ट्यांची एकच ओळ असलेल्या पियानोवर ते एकमेकांत अडकतात. पंचविसावं रूप संथ आणि खिन्न आहे. लांडोव्स्काबाई त्याला ‘काळा मोती’ म्हणत.

त्यांचं वाद्य मात्र बाखच्या काळातलं नव्हतं. पॅरिसच्या प्लेयेल कंपनीने ते त्यांच्यासाठी घडवलं आणि १९१२ मध्ये ब्रेस्लाऊच्या बाख महोत्सवात ते पहिल्यांदा वाजलं. पियानोसारखा जड बांधा, पायाने बदलायचे तारांचे संच, खर्जाच्या जादा तारा. पुढे १९४९ पासून बोस्टनमध्ये फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड यांनी जुन्या वाद्यांचा अभ्यास करून हलकी हार्प्सिकॉर्ड्स घडवली आणि प्लेयेल मागे पडलं. लांडोव्स्काबाईंचं वाद्य बाखच्या काळातलं नव्हतं, हा आक्षेप मला मान्य आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्प्सिकॉर्ड संग्रहालयाच्या कोपऱ्यात पडलं होतं. त्याला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली ती प्रामुख्याने याच बाईंनी. नव्या कारागिरांची वाद्यं ऐकायला कान तयार होते, ते त्यांच्यामुळे.

गोल्डबर्गचं त्यांचं १९३३ चं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. जरूर ऐका, पण आवाज कमी ठेवून. खोलीत हे वाद्य मुळातच हळू बोलतं. मोठ्या आवाजात त्याचा नुसता धातूचा खणखणाट होतो.