तगरची पांढर

धाराशिव जिल्ह्यातले तेर वारकऱ्यांना गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक आहे. तेरणेकाठी काकांची समाधी आहे, चैत्र वद्यात पुण्यतिथीची यात्रा भरते, पालखी पंढरपूरला निघते. संतमंडळी काकांच्या घरी जमली असता त्यांनी थापटणे उचलून एकेकाच्या डोक्यावर मारले, मडकी पारखली आणि चिडलेले नामदेव तेवढे कच्चे ठरले, ही कथा कीर्तनातून घरोघर पोचली आहे. ती तेरमध्ये ऐकताना त्यातला कुंभार मला अधिक जाणवतो. गोरोबांच्या हजारभर वर्षे आधीची या गावाची भरभराटही मातीनेच जपून ठेवली आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे शहर सांगितले आहे. तिथले जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, बिकट वाटा तुडवत भडोच बंदरात जाई. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार पुढे कित्येक शतके ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवत राहिले, पण तगर नेमके कुठे हे कुणाला सांगता येईना. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, रा. गो. भांडारकरांनी धारूर. १९०१ साली पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवले आणि वाद मिटला. त्याच सुमारास पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी इथले त्रिविक्रमाचे देऊळ अभ्यासले. मागची बाजू अर्धगोल, वर गजपृष्ठाकार छप्पर, सगळे काम विटांचे. हा मूळचा बौद्ध चैत्य असावा, असे त्यांचे मत होते. आज आत विष्णू उभा आहे. विटांची अशी उभी वास्तू आपल्याकडे फारच विरळा. लेणी पाहायला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून ती पाहायला हवी.

गावाभोवती पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या, टेकड्या आहेत. मराठवाड्यात माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, पांढरी माती टाकायची रीत असल्याने अशा टेकड्या पिढ्यान्‌पिढ्या खणल्या गेल्या. त्या मातीतून मणी, नाणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या निघत. तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू वेचून, मिळवून, सांभाळून ठेवल्या, आणि पुढे हा संग्रह शासनाच्या हवाली झाला. त्यांच्या नावाच्या संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जातकुळीची एक मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली, म्हणजे ती इ. स. ७९ पूर्वीच तिथे पोचलेली होती. रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकेही तेरला मिळाली. ती गळ्यात घालत असावेत. दूरदेशीच्या सोन्याची हौस गावच्या कारागिराने मातीत भागवली, याचे मला फार कौतुक वाटते.

लामतुरे नसते तर यातले बरेचसे माळवदांवर पसरले गेले असते. मात्र वरवर वेचलेल्या वस्तूचा थर कळत नाही, आणि थर कळला नाही तर काळ अंदाजाने ठरवावा लागतो. १९५८पासून झालेल्या उत्खननांचे मोल त्यासाठीच आहे.

आपल्या गावाच्या पांढरीत नांगराला काही लागले, तर ते कुठल्या शेतात, किती खोल सापडले हे आधी लिहून ठेवा आणि मग वस्तू तहसील कचेरीत किंवा जवळच्या शासकीय संग्रहालयात नेऊन द्या.